सासूबाईंच्या बॅगेतली मोरपिसं आणि इंद्रजाल : मदत हवी आहे

मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. पुढच्या महिन्यात सासूबाई कोल्हापूरहून येताहेत. काल व्हिडिओ कॉलवर बॅग दाखवत होत्या. मेतकूट, कुळथाचं पीठ, गोकुळाष्टमीसाठी मोरपिसांची जुडी आणि मामेसासऱ्यांनी वास्तुदोषावर दिलेली इंद्रजालाची फ्रेम! लाल कापडावर काळपट जाळीदार फांदी, खाली छापील मंत्र. घरात सगळे तिला समुद्रातली वनस्पती समजतात. मी शोधलं तर प्रवाळ निघालं, म्हणजे प्राणीच.

मला कळलंय ते बरोबर आहे का सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात समुद्रपंखे (पंख्यासारखं जाळीदार प्रवाळ) आणि काळं प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला. मोराने आपणहून गाळलेली पिसं भारतात बाळगता येतात, पण देशाबाहेर न्यायला बंदी. आणि इथला १९०० चा लेसी कायदा म्हणतो, दुसऱ्या देशाचा कायदा मोडून मिळवलेला प्राणी, मासा किंवा त्याचा भाग इथे आणणं, विकत घेणं, नुसतं स्वीकारणंसुद्धा गुन्हा.

नवरा म्हणतो, चार पिसांसाठी कोण बॅग उचकतंय? उचकली तर सत्तरीच्या बाईला इंग्रजीत उत्तरं द्यावी लागणार, ह्याला नाही.

"माहीत नव्हतं" म्हटलेलं चालतं का? पाहुण्यांनी दिलेलं एक मोरपीस आधीच देव्हाऱ्यात आहे, त्याचं काय? आणि त्या फ्रेमचं कोल्हापुरात करायचं काय?

प्रतिसाद :

ताई, समजूत बरोबर आहे. माहीत नव्हतं म्हणून शिक्षा टळेलही, वस्तू मात्र जातेच. जप्तीसाठी हेतू बघत नाहीत. पुरेशी काळजी घेतली असती तर कळलं असतं असं ठरलं, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही तर इथे सगळं लिहूनच बसलात, आता अज्ञान विसरा :)

दोन्ही वस्तू तिकडेच राहू द्या. फ्रेम कुणाला भेट देऊ नका, विकू तर नकाच. तिथल्या वकिलाशी बोलून वनखात्याकडे जमा करा. देव्हाऱ्यातल्या पिसाबद्दल इथल्या वकिलाला विचारा, फोरमवरच्या माझ्यासारख्याला नको.

अष्टमीला पिसं हवीतच तर इथे पाळलेल्या मोरांची क्राफ्टच्या दुकानात मिळतात, पावती जपून ठेवा. अंगणात पडलेलं ब्लू जे पक्ष्याचं पीस मात्र उचलू नका. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा गळून पडलेल्या पिसालाही लागतो.