दहा बाहुल्यांची टोळी हा पूर्ण खेळ आहे. 'खरं सैन्य कधी?' हा प्रश्नच चुकीचा

टोळीवाला
मिनिएचर वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे छोट्या बाहुल्या मांडून टेबलावर लढाई खेळण्याच्या छंदात, कोणी दहाएक बाहुल्यांच्या चकमकीच्या छोट्या खेळापासून सुरुवात केली, की दोन महिन्यांत त्याला विचारतातच, "मग खरं सैन्य कधी उभारणार?" माझा आक्षेप या 'खरं' शब्दाला आहे.

मी फ्रॉस्टग्रेव्ह खेळतो. जोसेफ मॅकलॉ यांचा हा चकमकीचा खेळ ऑस्प्रे प्रकाशनाने २०१५ मध्ये काढला, दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. बर्फाखाली गाडलेलं फेलस्टाड शहर वितळायला लागलंय आणि जादूगार आपापल्या टोळ्या घेऊन तिथला खजिना उचलायला आलेत. एक जादूगार, एक शिष्य, फार तर आठ शिपाई. पट तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर बसतो.

वॉरहॅमर ४०,००० या मोठ्या सैन्यांच्या खेळात दोन हजार पॉइंटांचं (पॉइंट म्हणजे बाहुलीच्या ताकदीचं मोल) सैन्य मांडलं, की बाहुल्या मुठीमुठीने पटावरून उचलल्या जातात आणि पुढच्या रविवारी सगळ्या पुन्हा ठणठणीत उभ्या. इथे पडलेल्या प्रत्येक शिपायासाठी खेळानंतर वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ ते ४ आलं तर तो मेला, कायमचा. माझा एक तिरंदाज सहा खेळ टिकला होता. त्याच्यासाठी तो फासा टाकताना माझा हात थरथरला. साठ बाहुल्यांच्या सैन्यात मला हे कधीच मिळालं नाही.

पलटण
तिरंदाजाबद्दल वाईट वाटलं, पण तुम्ही अर्धंच सांगताय. फ्रॉस्टग्रेव्हच्या मूळ नियमांत शिपायांना अनुभव मिळतच नाही. अनुभव जादूगाराला. तुमचा तिरंदाज सहाव्या खेळात पहिल्या खेळाइतकाच कच्चा होता. सोनं मोजलं की तसाच दुसरा हजर.

आणि तो फासा! हाणामारीत दोघेही वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात आपापला लढाईचा आकडा मिळवतात, मोठा आकडा जिंकतो. साध्या गुंडाचा आकडा २, चिलखती सरदाराचा ४. गणित करा: एकास एक भिडले तर शंभरातल्या सुमारे ३८ वेळा गुंडाचा आकडा मोठा येतो. मग खेळाडूच्या डोक्याला काम काय राहिलं? मोठ्या लढाईत एका फाशाने काही बिघडत नाही. राखीव तुकडी कधी सोडायची, कोणती बगल उघडी टाकायची, हे निर्णय निकाल ठरवतात.

टोळीवाला
एकास एक भिडलात तर ३८, मान्य. पण तसं भिडायचंच कशाला? त्याच शत्रूला भिडलेल्या, पण दुसऱ्या कुणाशी न गुंतलेल्या आपल्या प्रत्येक साथीदारामागे लढाईच्या आकड्यात दोन वाढतात. दोन गुंड मिळून सरदाराच्या बरोबरीला येतात, तिघे वरचढ ठरतात. ते तिघे एकाच वेळी तिथे पोचवायचे, बाण चुकवत, भिंतीआडून, आणि तोवर खजिना दुसऱ्याने नेऊ द्यायचा नाही. ही बगल आणि राखीवच आहे, फक्त इंचांत.

अनुभवाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्या बाबतीत १९९९ चा मॉर्डहाइम हा टोळ्यांचाच खेळ अजून पुढे आहे. ५०० सुवर्णमुद्रांत टोळी उभी करायची, नायकाचा एक डोळा गेला तर त्याचा नेम कायमचा बिघडतो, पायाला जखम झाली तर चाल मंदावते. दहा खेळांनंतर त्या माणसाचं चरित्र तयार झालेलं असतं.

रंगपेटी
मी खेळते कमी, रंगवते जास्त. मोठं सैन्य घेतलेल्या कितीतरी जणांच्या बाहुल्या प्रायमर (रंगाआधीचा थर) मारून तशाच राखाडी पडून आहेत. दहा बाहुल्या असल्या की प्रत्येकीच्या डोळ्यांत बुबुळ काढायला वेळ मिळतो. फ्रॉस्टग्रेव्हला कोणत्याही कंपनीच्या २८ मिमीच्या बाहुल्या चालतात. भारतात बसून बाहेरून मागवणाऱ्याला हे फार मोलाचं आहे, कारण पाठवणावळ आणि कस्टम ड्युटी धरली की मोठ्या सैन्याचा आकडा ऐकवत नाही.

पण 'छोटा खेळ स्वस्त' हे मी अर्धंच मान्य करीन. चकमकीला पट गच्च भरलेला लागतो. मोकळ्या पटावर तिरंदाजच जिंकतो. पडक्या भिंती, जिने, कमानी हव्यात, आणि त्याला बाहुल्यांपेक्षा जास्त वेळ जातो. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या घरातल्या माणसाला थर्माकोल आणि पुठ्ठा कापायला सांगावं लागत नाही, हा आपला फायदा. किल्ल्यावर पहारेकरी दरवाजाएवढा उंच असला तरी चालतो. इथे मात्र सगळं एकाच मापात बसवावं लागतं.

घाटवाट
चकमक म्हणजे आपला गनिमी कावाच की. मराठी माणसाला हा खेळ आतूनच कळायला हवा.

पलटण
नाही पटत. गनिमी काव्यात जागा आणि वेळ आपण निवडतो, शत्रू बेसावध असतो आणि अंगलट आलं की निसटता येतं. इथे पट दोघांनी मिळून मांडलेला, सुरुवात समोरासमोरच्या कडांवरून, माणसं साधारण सारखी. नुसती संख्या लहान म्हणून तो गनिमी कावा होत नाही.

टोळीवाला, गुंडांचं गणित पटलं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. जो जिंकतो तो जास्त खजिना नेतो, त्या सोन्यातून चांगले शिपाई घेतो, म्हणून पुन्हा जिंकतो. आमच्या गटात चौथ्या खेळानंतर दोघांनी येणंच सोडलं. मोठ्या सैन्याचा प्रत्येक डाव कोऱ्या पाटीवर सुरू होतो, हरलेला पुढच्या वेळी बरोबरीने उभा असतो.

टोळीवाला
हा दोष खरा आहे, मी तो झाकणार नाही. मॉर्डहाइममध्ये दुबळी टोळी बलाढ्य टोळीशी भिडली तर तिला जादा अनुभव मिळतो, पण दरी फार वाढली की तेवढ्याने भागत नाही. आम्ही दोन गोष्टी करतो. पटावर तिसरा शत्रू ठेवतो, सांगाडे किंवा लांडगे, आणि त्यांचा रोख पुढे असलेल्या टोळीकडे. शिवाय मोहीम, म्हणजे त्याच टोळ्यांनी एकामागून एक खेळायची मालिका, आठ खेळांवर थांबवून सगळे नव्याने सुरुवात करतात. तुमच्या त्या दोघांना घेऊन या, टोळ्या मी देतो, माझ्याकडे तीन रंगवून तयार आहेत.

पलटण
येतो. पण आठव्या खेळानंतर माझी साठ बाहुल्यांची पलटण मांडायची आणि तुम्ही समोर बसायचं, तीन तास.

टोळीवाला
बसेन. फक्त तिला 'खरं सैन्य' म्हणायचं नाही.