दूध घटले, पण कास निरोगी दिसते: सुप्त दगडी कशी ओळखावी?

प्रश्न (दूध उत्पादक, फलटण)
नमस्कार. माझी तिसऱ्या वेताची संकरित गाय व्यायला अडीच महिने झाले असून, तीन आठवड्यांपासून ती रोज दीड-दोन लिटर दूध कमी देत आहे. चारा-खुराक तोच आहे, ताप नाही, कासेला सूज नाही, दुधात गाठीही नाहीत; मात्र तिचे दूध वेगळे तपासले असता एस.एन.एफ. (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन पदार्थ) इतर गायींपेक्षा कमी लागले. ही दगडीची, म्हणजे कासेच्या संसर्गाची, सुरुवात असेल का?

उत्तर (पशुवैद्यक)
शक्यता बरीच आहे. सुप्त कासदाहात, म्हणजे सुप्त दगडीत, डोळ्यांना काहीच दिसत नाही, परंतु जंतूंशी लढण्यासाठी कासेत आलेल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. एक मिलिलिटर दुधात कायिक पेशी (मुख्यतः याच पांढऱ्या पेशी) दोन लाखांच्या वर गेल्या, तर संसर्ग आहे असे सामान्यतः मानतात. गोठ्यात तपासण्यासाठी सी.एम.टी. (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) ही चाचणी सर्वांत सोयीची. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्याव्यात, चार खणांच्या तबकडीत प्रत्येक सडाचे सुमारे दोन मिलिलिटर दूध घ्यावे, तेवढेच सी.एम.टी.चे द्रावण घालून तबकडी दहा-पंधरा सेकंद गोल फिरवावी आणि फिरवतानाच निकाल पाहावा. द्रावणाने पेशी फुटून त्यांतील डी.एन.ए. बाहेर येतो व मिश्रण घट्ट होते. चिकाच्या दिवसांत आणि गाय आटत आलेली असताना निरोगी सडही दोषी दिसू शकतो. आपल्या गायीबाबत ती अडचण नाही.

उत्तर (दूध उत्पादक)
द्रावण मिळेपर्यंत अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून तेही समप्रमाणात वापरता येते. माझी एक चूक मात्र आपण करू नये: मी चारही सडांचे दूध एकाच वाटीत तपासले, तीन चांगल्या सडांच्या दुधात चौथ्याचा दोष झाकला गेला आणि पुढे तो सड कायमचा बाद झाला.

प्रश्नकर्ता
आज सकाळी तपासले. तीन खणांतले मिश्रण पाण्यासारखे हलत होते. मागच्या उजव्या सडाचे मात्र खणाच्या मध्याशी गोळा होऊन तबकडी कलंडवली तरी ओघळले नाही. घरात असलेली प्रतिजैविकाची ट्यूब त्या सडात लगेच सोडू का?

उत्तर (पशुवैद्यक)
कृपया थांबावे. आधी सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निर्जंतुक बाटलीत त्या सडाचे दूध घ्यावे आणि ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावे, म्हणजे कोणता जंतू आहे व त्यावर कोणते प्रतिजैविक चालते ते कळेल; औषध आधी गेले तर नमुन्यात जंतू वाढणारच नाही. अहवाल येईपर्यंत या गायीची धार सर्वांत शेवटी काढावी.