स्वभावाच्या प्रत्येक प्रकाराची एक मूळ कमजोरी असते का? टेस्ट दिल्यापासून डोक्यात हेच आहे

पानगळ

धागा कुठल्या विभागात काढायचा कळेना म्हणून इथेच काढतेय. मागच्या महिन्यात ती १६ प्रकारांची पर्सनॅलिटी टेस्ट दिली, आयएनएफपी आलं (प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरं असतात, एकेक अक्षर स्वभावाच्या एकेका बाजूचं). कौतुकाचा भाग वाचून बरं वाटलं, पण खाली 'तुमच्या कमजोऱ्या' म्हणून जे होतं ना ते वाचून पोटात गोळाच आला. टीका मनाला लावून घेता, नाही म्हणता येत नाही, सुरू केलेलं अर्धवट सोडता. कोणीतरी माझी डायरी वाचलीये असं वाटलं. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचा महिन्याचा रिपोर्ट माझ्याकडे सरकवला, सलग तिसऱ्यांदा, आणि मी 'हो चालेल गं' म्हणाले आणि रात्री साडेअकराला तो करत बसले असताना वाटलं की हे आता असंच राहणार का, कारण आपला टाइपच असा आहे. आई पण म्हणते, स्वभावाला औषध नाही.

तर प्रत्येक प्रकाराची अशी एक ठरलेली कमजोरी खरंच असते का? आणि असली तर ती बदलते, की नुसती सांभाळत राहायची? ज्यांनी यावर वाचलंय किंवा स्वतः अनुभवलंय त्यांनी प्लीज लिहा.

अर्धाचंद्र

चांगला विषय काढलात. या सगळ्या टाइपांचं मूळ कार्ल युंगकडे आहे. त्याने १९२१ मध्ये मांडलं की माणूस जगाशी चार प्रकारे भिडतो, विचार, भावना, संवेदना आणि अंतर्ज्ञान, आणि त्यातलं जे आपल्याला सोपं जातं तेच आपण लहानपणापासून वापरत राहतो. मग त्याच्या बरोबर समोरची बाजू मागे पडते. विचार पुढे असेल तर भावना मागे, अंतर्ज्ञान पुढे असेल तर डोळ्यासमोरची साधी वस्तू दिसत नाही. युंगच्या हिशोबाने मूळ कमजोरी म्हणजे ही मागे पडलेली बाजू. तिला वापराची सवयच नसते, त्यामुळे ताणाच्या वेळी ती बाहेर येते तेव्हा कच्ची, लहान मुलासारखी येते. (१६ प्रकार नंतरचे, ते कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी याच्यावर रचले.)

मी पक्का विचारवाला. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी रोजचे रिपोर्ट एक्सेलमध्ये भरत होतो, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीतल्या आकड्याचा, ग्राफ काढला होता, डॉक्टरसुद्धा म्हणाले छान ठेवलंय. एका संध्याकाळी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तो लॅपटॉप मिट आणि बाबांचा हात धर." मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि खरं सांगतो, मला हात कसा धरायचा ते कळेना, म्हणजे वरून धरायचा का खालून. शेवटी बाबांनीच माझा धरला.

त्या दिवशी मला माझी कमजोरी कळली. एक्सेल चुकीचं नव्हतं, त्याचा उपयोगही झाला, पण मी त्याच्या आड बसलो होतो.

सरळरेघ

वरचा अनुभव वाचून जरा वेळ काही लिहिता आलं नाही. पण टेस्टबद्दल थोडं वेगळं मत आहे ते मांडतो.

पानगळ, 'कोणीतरी माझी डायरी वाचलीये' हे जे वाटलं ना, त्यावर १९४८ मध्येच एक प्रयोग झालाय. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी ते किती जुळतं याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, शब्दन् शब्द तेच! आणि त्यात कमजोरीचीही वाक्यं होती, तुम्ही स्वतःवर फार टीका करता, तुमच्यात काही उणिवा आहेत पण त्या तुम्ही भरून काढता, अशी. टीका मनाला लागत नाही असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

दुसरं म्हणजे टाइप हे कप्पे आहेत आणि स्वभाव कप्प्यात बसत नाही. उंची कशी असते, बहुतेक लोक मधेच, तसंच अंतर्मुख-बहिर्मुखाचं. तुम्हाला टक्केवारी दिली असेल तर बघा, एखादं अक्षर काठावर असेल. अशा वेळी महिन्याने परत दिली तर अक्षर बदलू शकतं, माणूस तोच.

संशोधनात जास्त चालतं ते पाच गुणांचं मॉडेल. त्याची सुरुवात मला फार आवडते, ती डिक्शनरीतून झाली. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० इंग्रजी शब्द गोळा केले. पुढच्या लोकांनी ते गाळत गाळत पाचवर आणले: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, मिळतं घेणं आणि मनाची अस्थिरता. कल्पना अशी की जो स्वभाव लोकांना महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द तयार होतोच. आपल्याकडे बघा ना, नव्याची ओढ फार आणि शिस्त कमी, तो आरंभशूर. शिस्त फार आणि वाकायची तयारी नाही, तो हेकेखोर. आणि तुमचा जो प्रॉब्लेम आहे त्याला किती नेमका शब्द आहे, भिडस्त. भीड भिकेची बहीण असंही म्हणून ठेवलंय. म्हणजे कमजोरी कुठल्या टाइपला चिकटलेली नाहीये, गुणाचं माप जास्त झालं की तोच नडतो, आणि कमी पडला तरी नडतोच, फक्त वेगळ्या जागी. मिळतं घेणं अगदीच नसेल तर रिपोर्ट कोणी सरकवणार नाही, पण अडचणीत हाक मारायलाही कोणी येणार नाही.

आणि आईंचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वय वाढतं तशी सरासरीने माणसांची शिस्त वाढते आणि अस्थिरता कमी होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. हळू होतं, पण होतं.

मधलीवाट

सरळरेघ यांच्याशी बऱ्यापैकी सहमत, पण एनिअॅग्रॅमबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यात नऊ प्रकार आणि प्रत्येकाचा एक मूळ दोष, पहिल्याचा राग, दुसऱ्याचा गर्व, चौथ्याचा मत्सर, सहाव्याची भीती असं. शास्त्रीय आधार कमकुवत आहे हे मान्य. पण त्यात विचारतात की तू हे कशापासून वाचायला करतोस, आणि या प्रश्नाने मला हलवलं.

मी नववा. नवव्याचा दोष आळस, पण कामाचा आळस नाही, स्वतःला काय हवंय ते बघण्याचा आळस. मला वाटायचं मी शांत आहे, समजूतदार आहे, घरात कधी आवाज चढवत नाही. बायकोने पडद्याच्या कापडाचे तीन तुकडे समोर ठेवले, कुठला घेऊ. मी म्हणालो तुला आवडेल तो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिने तुकडे घडी करून ठेवले आणि म्हणाली, "अरे, तू पण राहतोस ना या घरात?" ती भांडली नाही, दमली होती. सगळे निर्णय तिने एकटीने घेतले होते आणि चुकलेल्यांचं ओझंही तिचंच होतं. माझा समजूतदारपणा तिला किती महागात पडला ते मला त्या दिवशी दिसलं.

निळा म्हणालो. ते सांगतानाही वाद होईल म्हणून छाती धडधडत होती, पडद्यासाठी!

दोन_ओळी

मी काळजी करणाऱ्यांपैकी. कुलूप लावून जिन्यावरून परत वर जाऊन ओढून बघणारी. एवढंच सांगते की 'तू कशाला एवढा विचार करतेस' हे ऐकून काळजी कधीच कमी झाली नाही, 'बरं, चल दोघी बघून येऊ' याने झाली.

पानगळ

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सरळरेघ, टेस्ट परत दिली, शेवटचं अक्षर बदललं, आता आयएनएफजे. आधीच्या वेळी ते ५२ टक्के होतं.

पण जास्त लागलं ते मधलीवाट यांचं, कशापासून वाचायला. काल रात्रभर तोच विचार केला. मला तिला मदत करायची नव्हतीच. मी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडेल ना, तो मला बघायचा नव्हता. आणि तिला वाटतंय मी आनंदाने करते.

पुढचा रिपोर्ट सोमवारी आहे. मेसेज टाइप करून ठेवलाय की यावेळी जमणार नाही, तुझा तू कर, कुठे अडलीस तर विचार. तीनदा सॉरी लिहिलं होतं, दोन खोडले, एक खोडवत नाहीये.

अर्धाचंद्र

एक राहू द्या. पाठवा.