टोरांटोत एकादशी सोमवारी की मंगळवारी?

अबोली: दिनदर्शिकेत एकादशी मंगळवारी आहे, अ‍ॅप मात्र टोरांटोसाठी सोमवार दाखवतं. घरच्यांचा भारतात उपास मंगळवारीच. नेमका कधी धरायचा आणि सोडायचा कधी?

अंशकला: दोन्ही बरोबर आहेत. चंद्र सूर्याच्या आणखी 12 अंश पुढे गेला की एक तिथी संपते. हा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच, पण दिवस ठरतो ज्याच्या त्याच्या सूर्योदयावर.

समजा, भारतात एकादशी सोमवारी दुपारी 12 ला लागली आणि मंगळवारी सकाळी 10 ला संपली. तिथे सोमवारच्या सूर्योदयाला दशमीच, म्हणून उपास मंगळवारी. टोरांटो उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. म्हणजे तिथी सोमवारी पहाटे 2:30 ला लागली आणि रात्री 12 उलटून 12:30 ला संपली. तुमच्या सूर्योदयाला एकादशी सोमवारीच मिळते. मंगळवारी उपास धरलात तर पारण्याच्या, म्हणजे उपास सोडण्याच्या, दिवशी उपाशी राहाल.

पारणं द्वादशीचा पहिला चतुर्थांश, म्हणजे हरिवासर, टळल्यावर. द्वादशी 22 तासांची असेल तर 12:30 पासूनचे साडेपाच तास सोडायचे, म्हणजे मंगळवारी सकाळी 6 नंतर.

दृक्प्रत्यय: भागवत, म्हणजे वैष्णवांची, एकादशी पाळत असाल तर आणखी एक बघा. सूर्योदयाआधी 4 घटका, म्हणजे 96 मिनिटं, दशमीचा वेध नको, म्हणजे तेव्हा दशमी चालू नसावी. वरच्या उदाहरणात तो नाही.

गफलत बहुतेक वेळा आकडेमोडीत होते. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो, तो लोक विसरतात. पंचांगात 26:15 छापलेलं असतं ते उत्तररात्री 2:15, तारीख पुढची. आणि अ‍ॅपला लोकेशनची परवानगी नसेल तर ते गुपचूप भारतातलंच शहर धरू शकतं. आधी सूर्योदयाची वेळ खिडकीबाहेरच्या उजेडाशी ताडून पाहा.

रानजाई: पण घरच्यांसोबत एकाच दिवशी उपास करण्यात भाव असतोच ना?

अंशकला: असतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण पूजेच्या सुरुवातीच्या संकल्पात आपण देश आणि काल दोन्ही उच्चारतो. अमेरिकेतले बरेच गुरुजी भारत ज्यात येतो त्या जंबुद्वीपाऐवजी ‘क्रौंचद्वीपे’ म्हणतात. जागा परदेशातली सांगायची आणि सूर्योदय भारतातला धरायचा, हे मला पटत नाही.

अबोली: मग संकष्टीला चंद्रोदयही टोरांटोचाच?

दृक्प्रत्यय: हो. तिथे सूर्योदय नव्हे, चंद्रोदयाला चतुर्थी हवी. आभाळ भरून आलं असेल तर चंद्रोदयाची वेळ झाल्यावर त्या दिशेला अर्घ्य द्या.