दोरीवरचे कपडे: संवाद नसलेल्या विनोदी लघुपटासाठी मदत हवी

कळव्याची एडिटर

नमस्कार मंडळी. लग्नांचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. गेल्या पावसाळ्यापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे, ती आता शूट करायचीच असं ठरवलंय. दहा मिनिटांचा, कृष्णधवल, एकही संवाद नसलेला लघुपट.

ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त काका एकटे राहतात. पण त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर रोज अख्ख्या कुटुंबाचे कपडे वाळत असतात. साडी, कॉलेजातल्या पोराची जीन्स, शाळेचा छोटा गणवेश, बारके मोजे. हे कपडे कोणी घालत नाही. काका रोज सकाळी कोरडेच कपडे बादलीत बुडवतात, पिळतात, झटकतात, चिमटे लावतात आणि खालून कोणी बघतंय का ते पाहतात. समोरच्या इमारतीत एक बाई राहतात. त्यांच्या दोरीवर रोज पुरुषाचे शर्ट. तेही सोंगच. पावसाच्या सरीत त्यांचा एक शर्ट उडून काकांच्या गॅलरीत येतो.

यापुढे मी अडले आहे. काका एकटे आहेत हे प्रेक्षकाला कधी कळावं? शर्ट आल्यावर काकांनी काय करावं? काकांची भूमिका करणारे आमचे शेजारी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत घडलेले, त्यामुळे प्रत्येक भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतात. त्यांना कसं सांगू? आणि जुन्या मूकपटांसारखा वेग वाढवावा का?

लोक हसले पाहिजेत. पण हसताना काकांची टिंगल झाली तर मला तो सिनेमा नको.

वाशीचा दिवेवाला

ताई, मी फक्त तांत्रिक बोलतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र फडफडतं.

वेगाचं म्हणाल तर तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे. कमी फ्रेमने चित्रण करून जास्त वेगाने दाखवलं की माणसं लगबगीत दिसायची. २० ने घेतलेलं २४ ने दाखवलं तर हालचाल एक पंचमांश जलद होते. तुम्ही एडिटमध्ये ११५ ते १२० टक्के करा, पण फक्त पावसात कपडे ओढण्याच्या धावपळीला. सगळीकडे केलंत तर काका चावीचं खेळणं होतील. आणि त्या शॉटमध्ये मागून रिक्षा जाऊ देऊ नका, तीही पळत सुटेल.

नेरूळ_मूकनाट्य

मी शाळांमधून मूकनाट्य शिकवते. तुमची गोष्ट वाचून रात्री बराच वेळ जागी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

चॅप्लिनचा १९३१ चा 'सिटी लाइट्स' पुन्हा बघा. बोलपट येऊन तीनचार वर्षं झाली होती, तरी त्याने तो संवादांविना केला. त्यातली अंध फुलवाली चॅप्लिनने केलेल्या भटक्याला श्रीमंत समजते. हे शब्दांशिवाय कळवायचं कसं, यावर चॅप्लिनने तो प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित केला. अखेर उत्तर मिळालं ते मोटारीच्या दारात. रस्ता ओलांडताना भटक्या एका उभ्या गाडीत शिरतो आणि दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो. दार बंद झाल्याचं तिला ऐकू येतं. नाणं देऊन तो सुटे पैसे घेणार, इतक्यात गाडीचा खरा मालक बसून निघून जातो. तिला वाटतं, हाच गेला. मग भटक्या चवड्यांवर चालत गुपचूप बाजूला होतो. सोंग इथे सुरू होतं, आणि आपण पहिल्या क्षणापासून त्यात सामील असतो.

तुमचंही तसंच करा. आधी खालून भरलेली दोरी दाखवा. लगेच आत एक ताट, एक पेला. पहिल्या मिनिटातच कळू दे. गुपित ठेवून शेवटी धक्का दिलात तर प्रेक्षक काकांवर पाळत ठेवणारा होईल. आधी सांगितलंत तर तो त्यांचा साथीदार होईल आणि टिंगलीची भीतीच उरणार नाही.

मग काम द्या त्यांना. शेजारीण गणवेशाकडे जरा जास्तच निरखून बघते, कारण तो कधी मळलेलाच नसतो. काका आत जातात, टेबलावर पेपर पसरतात आणि चष्मा लावून कॉलरवर शाईचा डाग पाडतात. गुडघ्यावर कुंडीतली माती घासतात. नीट बघतात, समाधान होतं आणि मग धुतात. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा की चेहऱ्याचं काही करू नका, फक्त डाग बरोबर जागी पडला पाहिजे. खरा नट कामात गुंतला की त्याचा अभिनय आपोआप लहान होतो.

आणि जून येऊ द्या! काका जांभळी नाक्याजवळच्या दुकानात नवा गणवेश घ्यायला जातात, कारण वर्षभरात मूल वाढणारच. दुकानदार खुणेने विचारतो, केवढा? काका तळहात हवेत धरतात. थांबतात. विचार करून हात दोन बोटं वर नेतात. हा शॉट कापू नका, लांब राहू द्या. माझ्या मते तुमचा सिनेमा या हातात आहे.

आवाज मात्र हवा. 'पुष्पक' (१९८७) मध्ये संवाद नाहीत, पण नायकाला हॉटेलच्या शांततेत झोप येत नाही म्हणून तो आपल्या वस्तीचा गोंगाट टेप करून आणतो. तुमच्याकडे कपडे झटकल्याचा फटका आहे, पत्र्यावरचा पाऊस आहे.

घणसोली_एकटी

मला एक हरकत घ्यायची आहे. पुरुषाचे शर्ट वाळत घालणारी बाई मीच आहे. रबाळ्याला नोकरी, घरी एकटी. दाराबाहेर बूट ठेवते. पार्सलवाला आला की रिकाम्या खोलीकडे बघून "अहो, आलेच हं" म्हणते. मला एकटं वाटत नाही, मजेत राहते. हे सगळं सुरक्षिततेसाठी. काकांचं सोंग आणि त्या बाईंचं सोंग एकसारखं दाखवू नका. आणि कृपा करून शेवटी काका शर्ट घेऊन तिच्या दारात "मला कळलं" असा चेहरा करून उभे राहू नयेत. माझ्या दारात असं कोणी आलं तर मी घर बदलेन.

नेरूळ_मूकनाट्य

अगदी पटलं. मग असं होऊ दे. शर्टाच्या कॉलरखाली दुकानातला पुठ्ठा तसाच आहे, टाचण्या आहेत. काका हुशार, त्यांना लगेच कळतं. ते पुठ्ठा काढतात. कॉलर दगडाने घासून जरा विरवतात. एक बटण तोडून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवतात. शर्ट आता कोणीतरी वर्षभर घातल्यासारखा दिसतो. घडी करून वॉचमनकडे देतात. तिच्या दारात जातच नाहीत.

कळव्याची एडिटर

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. घणसोलीच्या ताई, तुमच्यामुळे शेवट सापडला. समोरच्या बाईंच्या दाराला मी आता दोन कड्या दाखवणार आहे, आणि बटण शिवलेलं बघून त्या काय करतात ते तुम्हीच सांगा, मी तसंच घेईन.

दुकानाच्या प्रसंगासाठी आमच्या ओळखीचे एक कापडवाले रविवारी सकाळी दुकान उघडून द्यायला तयार आहेत. अडचण आहे ती गॅलऱ्यांची. समोरासमोर, उघड्या, दोरी बांधता येईल अशा गॅलऱ्या नौपाड्यात आता फार थोड्या उरल्यात, बाकी सगळ्यांनी काचा लावून खोलीत घेतल्या. चरई, खारटन रोड किंवा कोपरीच्या बाजूला कोणाच्या माहितीत अशा दोन इमारती असतील तर कळवा. पाऊस सुरू व्हायच्या आत बघून घ्यायच्या आहेत.