डोक्यावरची शेंडी आणि नटक्रॅकर मॅन
पॅरान्थ्रोपस बॉइसी या नामशेष झालेल्या मानवसदृश प्राण्याबद्दल बरेचदा म्हणतात की त्याच्या डोक्यावर हाडाची शेंडी आणि एवढाल्या दाढा, म्हणजे तो कठीण कवचाची फळंच फोडून खात असणार. मला हे पटत नाही. कानशिलावर दोन बोटं ठेवून दात आवळून बघा, बोटांखाली जो गोळा टरारतो ना तोच टेम्पोरालिस, म्हणजे चावायचा स्नायू, आपल्यात तो कवटीच्या बाजूलाच संपतो पण बॉइसीच्या नरांत इतका मोठा की दोन्हीकडचे माथ्यावर येऊन भिडायचे आणि त्यांना धरायला ती हाडाची कड वाढायची, नर गोरिलातही असते बघा, आणि गोरिला तर पालाच जास्त खातो! जीवाश्म शोधणाऱ्या मेरी लीकींना १९५९ मध्ये टांझानियात ओल्डुवाईला बॉइसीची कवटी सापडली, तिचं नटक्रॅकर मॅन (कठीण कवच फोडणारा माणूस) हे टोपणनाव मात्र चिकटूनच बसलं. २००८ मध्ये दाढांवरचे सूक्ष्म ओरखडे तपासले तर कडक वस्तू फोडल्यावर पडतात तसे खड्डे दिसलेच नाहीत, मग २०११ मध्ये इनॅमलमधल्या, म्हणजे दातांवरच्या कठीण थरातल्या कार्बनवरून निघालं की सरासरी ७७ टक्के आहार गवत-लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचा. असला चिवट पाला दिवसभर दळायचा तर स्नायू तेवढाच दणकट लागणार ना, आणि घासून लवकर झिजून जाऊ नयेत म्हणून दाढाही मोठ्याच हव्यात.