मदत हवी आहे: मनगटाचा पट्टा लावूनही दुखणं थांबत नाही

सई_चिपळूण
कोणीतरी लवकर सांगा. दिवाळीपासून उजवं मनगट भयंकर दुखतंय. मेडिकलमधून वेल्क्रोचा पट्टा आणला, दिवसरात्र लावते, काही फरक नाही. उलट संध्याकाळी जास्तच ठणकतं. कुठल्या कंपनीचा पट्टा चांगला असतो? महाग असला तरी चालेल. 'हाताला विश्रांती द्या' एवढं मात्र सांगू नका, ते शक्यच नाही.

केदार_पुणे
कार्पल टनेल आहे हे, मनगटात नस दाबली जाते. मी भोगलंय. कंपनीपेक्षा पट्ट्यातली पट्टी बघ. तळहाताच्या बाजूला कप्प्यात धातूची पट्टी असते, ती बाहेर काढ. बऱ्याच पट्ट्यांत ती वर वाकवलेली असते, त्यामुळे मनगट मागे कललेलं राहतं. ती दाबून सरळ कर, मनगट सरळ रेषेत हवं, म्हणजे आतल्या नसेवर दाब सगळ्यात कमी येतो. आणि पट्टा फक्त रात्री लाव. झोपेत आपण मनगट दुमडतो, खरी गडबड तिथेच होते. माऊस पण बदल, उभा माऊस घे.

फिजिओ_मनवा
केदार, तिने कुठे दुखतं हेच अजून सांगितलं नाहीये. सई, अंगठ्याकडे दुखतं की करंगळीकडे? मुंग्या येतात का, आल्या तर कुठल्या बोटांत? रात्री जाग येते का? नेमकं काय करताना कळ येते? पट्ट्यात अंगठा अडकवलेला आहे की मोकळा? शुगर, थायरॉइड?

सई_चिपळूण
मनगट म्हणजे मनगटच दुखतं, अंगठ्याच्या बाजूचं. शुगर-थायरॉइड काही नाही. कंप्युटरचा संबंध नाही. कुकरचं झाकण फिरवताना, लंगोट पिळताना आणि त्याला उचलताना तर जीव जातो. पट्ट्याचं सांगा ना प्लीज.

रानवारा
त्याला म्हणजे? बाळ आहे का घरात?

सई_चिपळूण
हो, पाच महिन्यांचा. साडेसात किलो. नवरा लोट्याला एमआयडीसीत, शिफ्टवर. दिवसभर मी आणि तोच. म्हणून तर म्हटलं विश्रांती शक्य नाही.

नलूताई
अगं मग हे आधी सांगायचं! बाळंतवात आहे हा. ओल्या अंगाने गार पाण्यात हात घातलास की असंच होतं. रोज रात्री महानारायण तेल कोमट करून चोळ, वर निर्गुडीच्या पाल्याचा शेक. पट्टाबिट्टा काढून टाक, त्याने हात आखडतो. आमच्या तीन बाळंतपणांत कोणी पट्टा लावला नाही.

विहंग
ताई, तेलाने बरं वाटेल, बरं होणार नाही. माझ्या बायकोचं सेम होतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, आठवड्याभरात बाळाला उचलायला लागली. सई, पट्ट्यांवर पैसे घालवू नकोस.

डायपरवाली
लंगोट पिळूच नकोस ना! डायपर वापर, अर्धं दुखणं तिथेच संपेल.

नलूताई
दिवसभर डायपर? कोकणातल्या दमट हवेत? पुरळ उठलं की तू येणार आहेस का पावडर लावायला?

डायपरवाली
पावडर लावायचीच नसते बाळाला, नाकातोंडात जाते. दर तीन तासांनी बदललं तर पुरळ येत नाही. आणि आईचा हात निकामी झाला तर लंगोट बदलणार कोण?

फिजिओ_मनवा
लंगोटासाठी चर्चेचा वेगळा धागा काढा, कळकळीची विनंती. सई, एक करून बघ. अंगठा आत घेऊन मूठ वळ आणि मनगट हळूच करंगळीच्या दिशेला खाली झुकव. जोर लावू नकोस. कळ कुठे येते ते सांग.

सई_चिपळूण
केलं. किंचाळलेच. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडावर, तिथून वर अंगठ्यात. पट्ट्यात अंगठा मोकळाच आहे. आणि पट्टा लावायला लागल्यापासून अंगठ्याच्या पाठीवर बधिरही वाटतं.

फिजिओ_मनवा
हे बहुतेक डी क्वेर्वेन आहे. खात्री डॉक्टर हात तपासून करतील. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी 1895 मध्ये याबद्दल लिहिलं म्हणून त्यांचं नाव. अंगठा बाहेर नेणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे कंडरे, मनगटाच्या हाडावरच्या अरुंद बोगद्यातून जातात. तिथे आवरण जाड झालं की अंगठा हलताना त्या घासतात. बाळाच्या काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताणून उचललं की सगळा भार त्याच दोऱ्यांवर. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये हे खूप दिसतं.

तुझा पट्टा मनगट धरतो, पण अंगठा मोकळा सोडतो. म्हणजे जे हलायला नको तेच हलतंय. दुकानात 'थंब स्पायका स्प्लिंट' माग. कंपनी कुठलीही चालेल, अंगठ्याच्या बाजूने पट्टी वर आलेली हवी आणि अंगठ्याचं टोकाचं पेर मोकळं हवं. उजव्या हाताचाच घे. मनगटाचा घेर टेपने मोजून माप सांग.

बधिरपणा पट्टा फार आवळल्यामुळे असू शकतो, तिथून एक वरवरची नस जाते. आजच सैल कर, पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. सैल करूनही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना नक्की सांग.

केदार_पुणे
मग रात्रीच लावायचा ना? दिवसभर लावला की स्नायू ढिले पडतात.

फिजिओ_मनवा
तुझं दुखणं वेगळं होतं रे. कार्पल टनेलमध्ये रात्रीचा पट्टा मुख्य. हिचा अंगठा दिवसा कामात दुखावतो, त्यामुळे सुरुवातीला दिवसाही हवा. मात्र दिवसातून काही वेळा काढून, न दुखेल इतपत अंगठा-मनगट हलवायचं. विहंगचं इंजेक्शनही चुकीचं नाही, बऱ्याच जणींना त्याने चांगला आराम पडतो. पण आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी पांढुरका डाग पडू शकतो, हे आधी माहीत असावं. सई, अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना आवर्जून सांग. गोळ्याही मनाने घेऊ नकोस.

अटलांटाकर
मला इथे हँड थेरपिस्टने उचलायची पद्धत बदलायला लावली. तळवे वरच्या दिशेला, एक हात कुल्ल्यांखाली, दुसरा मानेखाली, आणि बाळ आधी छातीशी ओढून मग उठायचं. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेला. पाजताना मान तळहातावर तोलायची नाही, मांडीवर उशी घेऊन त्याला वर आणायचं. पट्ट्याइतकाच फरक याने पडला.

सुभाष_नगर
आईसाठी गुडघ्याचा पट्टा कुठला घ्यावा? वय 71.

सई_चिपळूण
मेडिकलवाल्याला विचारलं. अंगठ्याचा नाही, मागवून देतो म्हणाला. तोवर काय करू? जुनाच लावू का? आणि नलूताई, शेकाने रात्री थोडं बरं वाटलं खरंच.

नलूताई
वाटणारच. पण तेलाचा हात धुतल्याशिवाय बाळाला उचलू नकोस, निसटेल. आणि शेजारणीला सांग पाणी तापवून द्यायला, बादल्या तू उचलू नकोस.

फिजिओ_मनवा
जुना लावायचा तर सैल लाव, बधिरपणा वाढला तर काढून ठेव. लंगोट नळाला अडकवून दोन्ही टोकं डाव्या हाताने पिळ. कुकरचं झाकण नवरा घरी असेल तेव्हा त्याच्याकडून. आणि पट्टा येईल तेव्हा फोटो टाक, अंगठ्याचा भाग नीट बसलाय का ते बघते.